सुई न टेकता काढलेले वर्तुळ

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी-गुणगौरवाच्या प्रसंगी केलेले भाषण)



संस्थेच्या चिटणिसांनी आजच्या प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्हांस प्रथम संकोचच वाटला. या व्यासपीठावरून आजवर मोठमोठे विद्वान बोलून गेले. आमचे शिक्षण म्हणाल तर जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंत आणि त्यावर अध्यापनाची पदविका, एवढेच. त्या शिदोरीवर आम्ही अडतीस वर्षे मुलांस गणित आणि भूमिती शिकवली व २०१७ साली निवृत्त झालो. तेव्हा आपणांस देण्यासारखे आमच्यापाशी जे काही असेल ते कंपासपेटीतलेच असणार, हे आधीच सांगून टाकतो.

आजचा विषय मात्र कंपासपेटीत मावणारा नाही. विषय आहे रेडिओच्या साहाय्याने जमिनीवरून चालवावयाच्या लहान विमानांच्या कसरतींचा. त्यातही अशा कसरतींचा की ज्यांत विमानाने आकाशात काढलेले वर्तुळ, चौरस वा रेषा भूमितीच्या कसोटीवर उतरली पाहिजे. निवृत्त मास्तरास हे कोठून सुचले, असे आपणांस वाटेल. त्याचे कारण आम्ही शेवटी सांगणार आहोत आणि ते सांगताना आमची मान थोडी खाली जाणार आहे. प्रथम विषय समजून घेऊ.

विमानाने आकाशात उभे वर्तुळ काढण्याची गोष्ट शंभर वर्षांपलीकडची आहे. १९१३ सालच्या सप्टेंबरात कीव्ह येथे प्योत्र नेस्तेरोव्ह या रशियन लष्करी वैमानिकाने न्यूपोर जातीच्या विमानातून असे पहिले पूर्ण वर्तुळ काढले. हा गृहस्थ मूळचा तोफखान्यातला, गणिताची आवड असलेला. विमान उलटे झाले तरी हवेत टिकून राहील, हे त्याने आधी कागदावर मांडून पाहिले आणि मग स्वतः वर जाऊन ते खरे करून दाखवले. वरिष्ठांनी काय केले? सरकारी मालमत्ता विनाकारण धोक्यात घातली म्हणून त्यास दहा दिवसांच्या अटकेची शिक्षा फर्मावली! थोड्याच दिवसांनी फ्रान्समध्ये पेगू या वैमानिकाने तसेच वर्तुळ काढले, त्याचा जगभर गाजावाजा झाला. आणि नेस्तेरोव्हला शिक्षेऐवजी पुढे बढती मिळाली. ही हकीकत विद्यार्थ्यांनी आणि विशेषतः शिक्षकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिची गरज लागेल.

मनुष्य बसत असलेल्या विमानांच्या कसरती वाढत गेल्या, त्याबरोबर रेडिओवर चालणारी लहान विमानेही आली. आंतरराष्ट्रीय वैमानिक महासंघ ही संस्था १९०५ साली स्थापन झालेली. तिचे कार्यालय आज स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे आहे. याच संस्थेच्या नियमांखाली रेडिओ-विमानांच्या कसरतींची पहिली जागतिक स्पर्धा १९६० साली स्वित्झर्लंडमध्येच झाली व ती अमेरिकेच्या एड काझ्मिर्स्की यांनी जिंकली. त्या काळी रेडिओ-संच असे होते की विमानाची एखादी झडप एक तर पूर्ण वळे, नाही तर मुळीच वळत नसे. मधले काही नाही. बटण टिचक्या मारल्यासारखे दाबून वैमानिक आपले वर्तुळ तुकड्यातुकड्यांनी जोडीत असे. नंतर असे संच आले की हाताची दांडी जितकी सरकवावी तितकीच झडप वळावी. आज या प्रकारास एफ थ्री ए असे नाव आहे. विमानाची लांबी आणि पंखांचा पसारा प्रत्येकी दोन मीटरांहून अधिक नसावा, असा नियम आहे. पूर्वी या विमानांना मिथेनॉलवर चालणारी लहान इंजिने असत. आता बहुतेक सर्वत्र विजेची मोटर आणि बॅटरी असते.

आता स्पर्धेचे अंगण कसे असते ते पाहा. वैमानिक एका ठरलेल्या जागी जमिनीवर उभा असतो आणि विमान त्याच्यासमोर सुमारे १५० मीटरांवरील एका उभ्या प्रतलात उडावयाचे असते. मधल्या रेषेपासून डावीकडे ६० अंश, उजवीकडे ६० अंश आणि वर ६० अंश, एवढ्याच मर्यादेत सारे झाले पाहिजे. विद्यार्थी मित्रहो, त्रिकोणमितीचे कोष्टक आठवा. ६० अंशांचा टॅन्जंट म्हणजे तीनचे वर्गमूळ, १.७३२. त्यास १५० ने गुणले की २६० मीटर होतात. म्हणजे रुंदी ५२० मीटर, उंची २६० मीटर अशी ही हवेतली पाटी. जमिनीवर खुणांसाठी काठ्या-निशाणे काय असतील तेवढीच; पाटीवर मात्र एकही रेघ आखलेली नाही. कागद नाही, पट्टी नाही, आणि मुख्य म्हणजे कंपासची सुई टेकावयास जागा नाही.

अशा पाटीवर वैमानिकाने ठरलेल्या क्रमाने एकामागून एक आकृत्या काढावयाच्या. मध्यभागी एक आकृती, मग टोकाला जाऊन परत फिरण्याची एक आकृती, पुन्हा मध्यभागी एक, असे ते अखंड चालते. मध्ये उसंत नाही. या आकृत्या कागदावर चिन्हांनी लिहितात. ती चिन्हलिपी स्पेनचे वैमानिक होसे लुईस अरेस्ती यांच्या नावाने ओळखली जाते: सुरुवातीस ठिपका, शेवटी आडवी लहान रेघ, आणि मध्ये विमानाचा मार्ग. वैमानिकाची नजर तर विमानावरून ढळता कामा नये. म्हणून मागे एक साहाय्यक उभा राहून पुढच्या आकृतीचे नाव मोठ्याने सांगतो. गायकामागे तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्यासारखेच ते काम. दिसते थोडे, परंतु चुकले तर सगळेच बिघडते.

सर्वांत सोपी वाटणारी आकृती म्हणजे वर्तुळ. तिला लूप म्हणतात. दांडी मागे ओढून धरली की विमान आपोआप गोल फिरेल, अशी आमचीही समजूत होती. ती किती चुकीची आहे हे थोड्या हिशेबाने कळते. वर्तुळाची त्रिज्या ७५ मीटर धरू आणि विमानाचा वेग सेकंदाला २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटर. या वर्तुळाचा व्यास झाला १५० मीटर. नुसत्या वेगाच्या बळावर, मोटर बंद ठेवून, हे विमान किती उंच चढेल? वेगाचा वर्ग ६२५. त्यास गुरुत्वाच्या दुपटीने, म्हणजे १९.६ ने भागा. उत्तर ३२ मीटर. चढावयाचे १५० आणि जवळ शिल्लक ३२ची! म्हणून चढताना मोटरीचा जोर वाढवीत न्यावा लागतो आणि उतरताना तितकाच आवरावा लागतो, की जेणेकरून वेग सर्वत्र सारखा राहावा.

आता वेग सारखा राखला असे समजा. तरीही हाताचा जोर सारखा ठेवून चालत नाही. ७५ मीटर त्रिज्येवर त्या वेगाने फिरावयाचे तर केंद्राकडे ८.३ एवढे त्वरण हवे, आणि गुरुत्व तर ९.८ चे. वर्तुळाच्या तळाशी केंद्र वर असते आणि गुरुत्व खाली ओढते. तेथे पंखांना दोन्हींची बेरीज, म्हणजे विमानाच्या वजनाच्या पावणेदोन पटींहून अधिक भार उचलावा लागतो. उलट माथ्यावर केंद्र खाली असते आणि गुरुत्वही खालीच ओढते. तेथे हवे ८.३ आणि मिळते ९.८. म्हणजे काहीच न करता विमान वर्तुळाच्या आत पडू पाहते! तेव्हा तळाशी जो हात ओढीत होता, त्याच हाताने माथ्यावर, विमान उलटे असताना, किंचित ढकलावे लागते. ओढण्यापासून ढकलण्यापर्यंत आणि पुन्हा ओढण्यापर्यंत हा पालट इतका हळुवार व्हावयास हवा की पाहणाऱ्यास त्याचा मागमूसही लागू नये. सुमारे एकोणीस सेकंदांचे हे वर्तुळ. परंतु त्यातला एकही क्षण मागच्या क्षणासारखा नसतो. बाहेरून एकसारखे दिसण्यासाठी आतून सतत बदलावे लागते, हे आम्हांस येथे प्रथम कळले.

दुसरा प्रकार रोल, म्हणजे विमानाने पुढे जाता जाता आपल्याच अक्षाभोवती गिरकी घेणे. सरळ असताना पंख विमानास तोलतात. पाव गिरकी झाली की पंख उभे राहतात आणि ते तोलू शकत नाहीत. तेव्हा शेपटीची उभी झडप, म्हणजे रडर, वापरून नाक किंचित वर धरावे लागते आणि विमानाच्या धडाची बाजूच पंखाचे काम करते. या विमानांची धडे माशासारखी उंच व चपटी का असतात, याचे एक कारण हे. अर्धी गिरकी झाली की विमान उताणे. तेव्हा पुन्हा आडवी झडप, पण उलट्या दिशेने. पाऊण गिरकीला पुन्हा रडर, तोही उलटा. अशा रीतीने एकीचे काम दुसरीकडे, दुसरीचे पहिलीकडे सोपवीत जावयाचे आणि विमानाची रेषा मात्र केसभर हलू द्यावयाची नाही. ही गिरकी एखाद्या तिरप्या रेषेवर घ्यावयाची असेल तर तिच्या आधीची रेषा आणि नंतरची रेषा समान लांबीची हवी. एकाच आकृतीत चार कोपरे असतील तर चारही कोपऱ्यांची त्रिज्या सारखी हवी.

आणि परीक्षक? ते वैमानिकाच्या मागे बसतात. प्रत्येक आकृतीस दहापैकी गुण. ते तिच्या अवघडपणाच्या गुणकाने गुणावयाचे. पहिला मान भौमितिक अचूकतेला, त्याच्या मागून सफाई आणि डौल, मग जागा, आकारमान वगैरे. चुकीचे साधारण माप असे की १५ अंश वाकडेपणाला एक गुण वजा. परंतु मार्गाची रेषाच चुकली तर परीक्षक अधिक कडक होतात.

याच ठिकाणी या विद्येतला सर्वांत महत्त्वाचा नियम येतो. आपण कृपा करून तो लक्षपूर्वक ऐकावा. वारा आडवा वाहत असताना विमानाचे नाक जर मार्गाच्या रेषेतच धरले तर विमान वाऱ्याबरोबर वाहवत जाईल. पावसाळ्यात नदी ओलांडणारा नावाडी पलीकडच्या घाटाच्या नेमके समोर नाव धरीत नाही. प्रवाहाच्या वरच्या अंगास धरतो, तेव्हा कोठे नाव घाटाला लागते. तसेच हे. २५ मीटर वेगाच्या विमानास ५ मीटर वेगाचा आडवा वारा असेल तर नाक सुमारे साडेअकरा अंश वाऱ्याकडे वळवून धरावे लागते, तेव्हा त्याचा मार्ग सरळ येतो. हाच वारा मार्गाच्या दिशेने वाहत असेल आणि त्याची दखल घेतली नाही, तर त्या एकोणीस सेकंदांच्या वर्तुळाचा शेवट त्याच्या आरंभापासून नव्वदपंचाण्णव मीटर पलीकडे होईल. म्हणून नियम असा आहे: काही थोड्या आकृती वगळल्या तर परीक्षकाने विमानाचे तोंड कोणीकडे आहे ते पाहावयाचे नाही, विमान कोठून कोठे गेले ते पाहावयाचे. तोंड वाकडे असल्याबद्दल गुण कापावयाचे नाहीत. मार्ग वाकडा झाला तरच कापावयाचे.

हा नियम प्रथम ऐकला तेव्हा आम्ही काही वेळ गप्प झालो. त्याचे कारण आता सांगतो.

१९९३ साली आमच्या सातवीच्या वर्गात आपल्याच ज्ञातीतला एक मुलगा होता. त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. वर्गात त्याचे तोंड नेहमी खिडकीकडे. दूरदर्शन-संचाच्या खोक्यातून निघालेला थर्माकोल, खराट्याच्या काड्या आणि सायकलच्या ट्यूबची रबरे यांची विमाने तो करी. एके दिवशी आम्ही वर्तुळ शिकवीत होतो. मध्यबिंदूवर सुई ठेवा, त्रिज्येइतके अंतर घ्या, असे सांगत होतो. तो उठून म्हणाला, "गुरुजी, सुई टेकायला जागाच नसेल तर वर्तुळ कसं काढायचं?" वर्ग हसला. आम्हांस तो उद्धटपणा वाटला. आम्ही त्यास तासभर वर्गाबाहेर उभे केले. एवढ्यावर थांबलो असतो तरी बरे. परंतु दप्तरातले विमान आम्ही काढून घेतले आणि संध्याकाळी ते घेऊन त्याच्या वडिलांकडे गेलो. "मुलाचे लक्ष जमिनीवर नाही. हे थांबवले नाहीत तर मुलगा हातचा जाईल," असे आम्ही त्यांस बजावले. वडील कष्टाळू, मास्तरांचा शब्द झेलणारे. त्यांनी आमच्यादेखत ते विमान न्हाणीघराच्या बंबात घातले. थर्माकोल जळताना काळा धूर होतो. मुलगा दारात उभा होता. रडला नाही, त्या धुराकडे पाहत राहिला.

पुढे तो यथातथा गुणांनी दहावी झाला, तांत्रिक शिक्षण घेऊन पुण्याकडे एका कारखान्यात यंत्रावर लागला, स्वतःच्या हिमतीवर वर आला. आमची त्याची गाठ पडली ती २०१९ साली, ज्ञातीतल्याच एका लग्नात. वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "गुरुजी, रविवारी सकाळी मोकळे असाल तर एक गोष्ट दाखवायची आहे." त्या रविवारी त्याने आम्हांस मोटरीत घालून गावाबाहेरच्या एका माळावर नेले. तेथे त्याच्यासारखी पाचसहा मंडळी जमली होती. मोटरीच्या मागच्या भागातून त्याने विमान काढले, पंख जोडले, बॅटरी बसवली, प्रत्येक झडप हलवून पाहिली. विमान स्पर्धेतल्यापेक्षा लहान, बरेचसे घरीच केलेले. "हे मोठ्यांइतकं लांब दिसत नाही, म्हणून मी नव्वद मीटरवर उडवतो. अंश तेच, मीटर कमी," असे त्याने सांगितले. समरूप त्रिकोणांचा धडा आम्हीच त्यास शिकवला होता. पण तो आमच्यासमोर असा उभा राहील असे वाटले नव्हते.

विमान उठले. थोड्या वेळाने ते आमच्या पुढ्यात येऊन हळूहळू वर गेले, माथ्यावर उताणे झाले आणि जेथून निघाले होते तेथेच येऊन मिळाले. तो मान न वळवता म्हणाला, "गुरुजी, गोल आलं का? खरं सांगा. इथं सगळे चांगलंच म्हणतात, कोणी गुण कापत नाही." मास्तरांना गुण कापता येतात, एवढे तरी प्रमाणपत्र त्याने आम्हांस दिले. आम्ही म्हणालो, "तळाशी चपटे आहे. सहा." तो म्हणाला, "बरोबर." आणि पुन्हा चढवू लागला.

तेव्हापासून महिन्यातून एकदोन रविवार आम्ही त्याच्यामागे घडीची खुर्ची टाकून बसतो, चिन्हांचा कागद मांडीवर घेऊन पुढच्या आकृतीचे नाव सांगतो आणि वहीत गुण मांडतो. असेच एकदा त्याने एक वर्तुळ काढले, ते आम्हांस परकराने काढावे तसे दिसले. आम्ही आनंदाने नऊ गुण दिले. विमान उतरल्यावर त्याने विमानातल्या यंत्राने टिपलेली उंची संगणकावर पाहिली आणि म्हणाला, "नाही गुरुजी. उंची जास्त झाली आहे. हे वर्तुळ नाही, अंडं उभं केलं आहे." आमच्या डोळ्यांवर आमचा विश्वास, आम्ही वाद घातला. घरी येऊन कागद घेतला. स्पर्धेतलेच माप धरले: अंतर १५० मीटर, वर्तुळाचा तळ ५० मीटरांवर, माथा २०० मीटरांवर. १५० आणि २०० या बाजू, म्हणजे कर्ण २५०. आपला तीन-चार-पाचचा जुना त्रिकोण. माथ्याकडे पाहताना नजर ५३ अंश वर जाते. मध्य १२५ मीटरांवर, तेथे नजर सुमारे ४० अंशांवर. तळाला सुमारे १८ अंशांवर. म्हणजे खऱ्या वर्तुळाचा खालचा अर्धा भाग डोळ्याला २१ अंश व्यापतो आणि वरचा अर्धा भाग १३ अंशच! खरे वर्तुळ खालून पाहणाऱ्यास माथ्याशी दबलेले दिसणार. आणि जे आम्हांस गोल दिसले ते खरोखर ताणलेले असणार. त्याचे बरोबर होते, आमचे चूक. आम्ही त्याच रात्री दूरध्वनी करून त्यास तसे सांगितले. तो हसून म्हणाला, "गुरुजी, मलाही हे कळायला चार वर्षं लागली."

अडतीस वर्षे आम्ही उभे राहून मुलांकडे वरून खाली पाहिले. खालून वर पाहताना डोळा कसा फसतो, याचा हिशेब आम्ही कधी केला नव्हता, आणि वरून खाली पाहतानाही तो फसत असेल ही शंकासुद्धा आम्हांस शिवली नव्हती.

एका सकाळी वारा फार होता. विमाने जमिनीवरच होती. चहा घेताना आम्ही धीर करून विचारले, "अरे, त्या बंबातल्या विमानाची तुला आठवण आहे का?" तो म्हणाला, "आहे ना गुरुजी." नंतर जरा थांबून म्हणाला, "त्याचा डावा पंख जड झाला होता. ते उडालं नसतं." एवढेच. पुढे त्याने विषय वाढवला नाही. तो आमची समजूत घालीत होता की खरोखरच पंखाचा विचार करीत होता, हे आम्हांस आजही सांगता येत नाही. आम्ही मात्र त्यास म्हणालो, "तुझ्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी आम्हांस येत नव्हते. येत नाही असे म्हणावयाचे सोडून आम्ही तुला बाहेर उभे केले." तो म्हणाला, "उत्तर मलाही येत नव्हतं. अजून पुरतं येत नाही. म्हणून तर दर रविवारी येतो."

ज्ञातिबंधूंनो, त्याचे वडील आज हयात नाहीत. त्यांनी जे केले ते आमच्या शब्दावरून केले, म्हणून तो दोष त्यांचा नव्हे, आमचा. हे त्यांच्या हयातीत, त्यांच्या घरी जाऊन सांगावयास हवे होते. ते राहून गेले. म्हणून आज सर्व ज्ञातीसमोर सांगत आहोत. आमचा हा विद्यार्थी जागतिक स्पर्धेत गेलेला नाही, बहुधा जाणारही नाही. त्याने विमान उडवून नाव कमावले म्हणून आम्ही खजील झालो, असे कोणी समजू नये. त्याने काहीच कमावले नसते तरी आमची चूक तेवढीच मोठी होती. मुलाचे तोंड खिडकीकडे होते, तेवढे आम्ही पाहिले. तो कोणत्या वाऱ्यात होता आणि कोठे चालला होता, ते पाहिले नाही.

याचा अर्थ मुलांस मोकाट सोडावे असा मात्र नव्हे. विद्यार्थी मित्रहो, हे नीट ऐका. सुई टेकावयास जागा नसते तेथे शिस्त कमी लागत नाही, अधिक लागते. वहीत वर्तुळ काढताना कंपास तुमची शिस्त सांभाळतो. माळावर ती आपल्या दोन अंगठ्यांनी क्षणोक्षणी सांभाळावी लागते. आमचा विद्यार्थी एकच आकृती एका सकाळी वीसवीस वेळा काढतो, प्रत्येक वेळी चूक वहीत लिहितो आणि सहा गुण मिळाले तर सहाच मिळाले म्हणतो. ज्याला आपली चूक ऐकून घेता येते, त्याची आवड हा नुसता छंद राहत नाही, ती विद्या होते.

आणि पालकहो, आज येथे ज्या मुलामुलींचा गौरव झाला त्यांचे आम्ही मनापासून अभिनंदन करतो. ज्यांची नावे आजच्या यादीत नाहीत तीही आपलीच मुले आहेत. त्यांच्याविषयी एखादा मास्तर संध्याकाळी तुमच्या दारी तक्रार घेऊन आला, तर त्यास चहा द्या, त्याचे सर्व ऐकून घ्या, कारण बहुतेक वेळा त्याचे म्हणणे खरेच असते. परंतु बंब पेटवण्यापूर्वी मुलास एकदा विचारा, की हे तू काय करतो आहेस आणि हे उडणार कसे? उत्तर आले नाही तर पुढे काय ते पाहा. उत्तर आले तर मास्तरांनाही ते ऐकू द्या.

  येत्या रविवारी सकाळी सहाला आम्हांस माळावर पोहोचावयाचे आहे; ज्या विद्यार्थ्यांस यावयाचे असेल त्यांनी आपली कंपासपेटी घेऊन यावे. सुई टेकावयास जागा तेथेही नाही, परंतु कोनमापक उपयोगी पडतो.